पाच आठवडे पातळ

१० नोव्हेंबर, सोमवार. सकाळी ११.१०

आजपासून रोजनिशी. शुद्ध मराठीत लिहायची असं ठरवलं आहे. छत्तीस वर्षं भिलाईच्या स्टील प्लांटमध्ये लॉगबुक इंग्रजीत भरलं, बाहेर हिंदी, घरात आमची नागपुरी. भाषेची पार खिचडी झाली. रिटायर होऊन चार महिने झाले. आता वेळ आहे.

कमलिनीला दवाखान्यातून घरी आणलं. खालचा जबडा दोन ठिकाणी मोडला आहे. डॉक्टरांनी वरचे आणि खालचे दात तारेने एकमेकांना बांधून टाकले. पाच आठवडे तोंड उघडायचं नाही, बोलायचं नाही. जे घ्यायचं ते स्ट्रॉने, गालाच्या बाजूच्या फटीतून. १३ डिसेंबरला तारा काढणार. तोवर तिला काही सांगायचं असेल तर नीतूची लहानपणीची पाटी दिली आहे.

अपघाताची नोंद, म्हणजे पुढे गोंधळ नको. ६ नोव्हेंबर, संध्याकाळ, जुनवानी रोड. स्कूटर मी चालवत होतो, कमलिनी मागे. कुत्रं आडवं आलं. तपकिरी. मी ब्रेक मारला. मला खरचटलंही नाही, याला अनुभव म्हणतात. कमलिनी पडली.

हे मी सगळ्यांना व्यवस्थित सांगितलं आहे. सांगताना कमलिनीने डोळे मिटले. औषधांची गुंगी.

कमलिनीचं वजन ५८ किलो.

निश्चय: स्वयंपाकघर माझ्या ताब्यात. ज्या माणसाने बाराशे डिग्रीची फर्नेस सांभाळली त्याला दोन बर्नरचा गॅस म्हणजे काय.

११ नोव्हेंबर, मंगळवार. दुपारी ४

डॉक्टरांनी आहाराचा कागद दिला आहे. वरणाचं पाणी, तांदळाची पेज, ताक, गाळलेलं सूप. नीतू म्हणाली, कागदाप्रमाणे करू. नीतू आमची मुलगी, दुर्गला बँकेत आहे, तिला कागद प्रिय. मी तिला समजावलं की हे सर्वसाधारण पेशंटसाठी असतं. आपल्याला ताकद भरून काढायची आहे.

फोनवर व्हिडिओ बघितला. क्रीमी बटाटा-पालक सूप. बटाट्याने वजन, पालकाने लोह, वरून मलई. सगळं आलं. रोज हेच करायचं. एकच प्रॉडक्ट, पण क्वालिटी.

संध्याकाळी ६.३०

ट्रायल रन झाली. बटाटे उकडले, पालक शिजवला, गरम गरम मिक्सरमध्ये घातलं. झाकण उडालं. छतावर हिरवं. ट्यूबलाइटवरही. वाफ कोंडली होती, म्हणजे दोष मिक्सरच्या डिझाइनचा. कमिशनिंगमध्ये, म्हणजे यंत्र पहिल्यांदा सुरू करताना, असं होतंच.

नीतूने आईला ताक दिलं. आजच्यापुरतं चालेल.

१२ नोव्हेंबर, बुधवार. दुपारी १.३०

यश. आज गार करून फिरवलं. तीन मोठे बटाटे, एक जुडी पालक, वाटीभर मलई. रंग सुरेख. इतकं क्रीमी की चमचा उभा राहतो. फोटो काढून देवरावला पाठवला. देवराव माझ्याच शिफ्टचा, तोही रिटायर. त्याने विचारलं, भिंतीला लावायचं आहे का. माणसाला जळफळाट लपवता येत नाही.

कमलिनीने स्ट्रॉ लावून ओढलं. गाल आत गेले, डोळ्यांत पाणी आलं. भावनिक झाली असावी. मी म्हटलं, सावकाश. पंधरा मिनिटांनी ग्लास बाजूला ठेवला. पाऊण ग्लास शिल्लक. पहिल्या दिवसाच्या मानाने समाधानकारक.

ती खाटेवर हाताने जागा दाखवत होती, बस म्हणून. पण मला बसून कसं चालेल. ओट्यावर पसारा, उद्याची भाजी आणायची, छत पुसायचं. दोन वेळा गेटपर्यंत जाऊन आलो.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

देवरावचा फोन. अपघात कसा झाला ते परत विचारलं. सांगितलं. त्याने विचारलं, कुत्रं कोणत्या रंगाचं. मी काळं म्हणालो. नंतर वर बघितलं तर तपकिरी लिहिलं आहे. संध्याकाळची वेळ होती, तपकिरी कुत्रं काळंच दिसणार.

फोनवर बोलताना कमलिनी समोर बसून होती. माझ्याकडे बघत होती. पाटी मांडीवर होती, पण काही लिहिलं नाही. मी फोन घेऊन अंगणात गेलो. तिथे रेंज बरी येते.

१६ नोव्हेंबर, रविवार. दुपारी १२

सुपेल्याच्या रविवार बाजारात गेलो. पायी गेलो. स्कूटर सध्या वापरत नाही, चालणं तब्येतीला चांगलं.

रोज पालक, म्हणजे कंटाळा येणारच. म्हणून ती कमी पिते. कारण सापडलं. या छत्तीसगढात पालेभाज्यांना तोटा आहे का. लाल भाजी घेतली, चेच भाजी घेतली.

संध्याकाळी ७

लाल भाजीचं सूप गुलाबी झालं. भिंतींच्या डिस्टेंपरसारखं. नीतू म्हणाली, पिणार नाही. मी म्हटलं, तुला कोण देतंय.

चेच भाजीचं सूप ग्लासातून ओतताना एकसंध बाहेर आलं आणि तसंच परत आत गेलं. भेंडीसारखी चिकट निघाली. भाजीवालीने सांगायला हवं होतं.

कमलिनीने दोन्ही ग्लासांकडे बघितलं आणि पाटीवर लिहिलं, ताक. मला त्रास नको म्हणून म्हणत असावी.

उद्यापासून परत पालक.

१७ नोव्हेंबर, सोमवार. दुपारी ३

आजचं सूप आतापर्यंतचं सर्वोत्तम. दोन चमचे लोणी जास्त टाकलं. कमलिनीने एक घोट ओढला, थांबली, पाटी घेतली आणि मोठ्या अक्षरात लिहिलं: पातळ.

किती वर्षांनी काही मागितलं तिने. लग्नानंतर पहिली दिवाळी, तेव्हा मागितलं होतं पातळ, तेही तिच्या आईमार्फत. मधल्या काळात शिफ्ट, ओव्हरटाइम, मुलीचं शिक्षण. राहून गेलं. सूप पिऊन तिला पातळ आठवावं, यातच सगळं आलं.

चप्पल घातली आणि निघालो.

संध्याकाळी ६

हिरवं घेतलं, जरीकाठी. पालकाच्याच रंगाचं. नीतू घरी आल्यावर तिच्या देखत कमलिनीच्या मांडीवर ठेवलं. कमलिनीने पातळाकडे बघितलं. माझ्याकडे बघितलं. पाटीकडे बघितलं. मग पाटी पुसून त्यावर ग्लास काढला, त्यात स्ट्रॉ काढली आणि खाली बाण.

नीतूला समजलं. ती मटकन खाली बसली आणि हसू लागली. अपघातापासून पहिल्यांदा हसली. म्हणाली, "बाबा, आई को सूप पतला चाहिए. साडी नाही."

मी म्हटलं, ते मला समजलंच होतं. पातळ वेगळं, सूप वेगळं. दोन्ही विषय माझ्या डोक्यात होते.

कमलिनीचे खांदे हलत होते. जबड्याला धरून हलत होती. हसताना दुखतं, डॉक्टरांनी हसू नका सांगितलं आहे.

पातळ मात्र परत दिलं नाही तिने. उशाशी ठेवलं आहे.

२० नोव्हेंबर, गुरुवार

सूप पातळ करण्यात एक तांत्रिक अडचण आहे. पाणी वाढवलं की क्रीमी राहत नाही. क्रीमी राहिलं नाही तर मग ते क्रीमी सूप कसलं. आज दोन ग्लास पाणी घातलं. फारच पाण्यासारखं दिसायला लागलं, म्हणून थोडं कॉर्नफ्लोअर लावलं. थंड झाल्यावर खळ झाली.

नीतू बँकेत जाण्याआधी गुपचूप वरणाचं पाणी करून ठेवते, असा संशय आहे. कुकरमध्ये पुरावा सापडला.

घरात चैन पडत नाही. दिवसभर कोणी बोलत नाही. कमलिनी बोलू शकत नाही, नीतू बोलत नाही. मीच बोलतो. आज शेजारी नवीन भाडेकरू आले, त्यांना कुत्र्याचं सांगितलं. सांगता सांगता दुसरं कुत्रंही आलं, पहिल्याच्या मागून. दोन असावीत बहुतेक.

२२ नोव्हेंबर, शनिवार. दुपारी २

चेकअप. वजन ५४.

मी डॉक्टरांना शांतपणे सांगितलं की काटा बिघडला आहे. त्यांनी मला उभं केलं. ७४. घरी ७४ असतो. मग मी म्हटलं, कुत्र्यांमुळे तिच्या मनावर आघात झाला आहे, अन्न अंगी लागत नाही. डॉक्टरांनी टेबलावरचा फॉर्म उचलला, वाचला, परत ठेवला. मला म्हणाले, अजून एक किलो उतरलं तर नाकातून नळी घालून दवाखान्यात ठेवावं लागेल.

नळी. नाकातून.

येताना ऑटोत कमलिनीचा हात धरला. मनगट बारीक झालं आहे. बांगडी कोपरापर्यंत सरकते. याआधी कसं लक्षात आलं नाही. स्वयंपाकात व्यग्र होतो.

संध्याकाळी ५

सिंधुताई आल्या. कमलिनीची मोठी बहीण, जामुलला असतात. बसने आल्या, पाणीही न पिता सरळ स्वयंपाकघरात गेल्या. पातेल्याचं झाकण उघडलं. ओगराळं घालून वर काढलं आणि बघत राहिल्या. सूप काही खाली पडत नव्हतं.

ओगराळं ठेवून बाहेर आल्या. कमलिनीला विचारलं, "येतं काय माह्यासंग?"

कमलिनी उठली आणि स्वतः बॅग भरली. ती बॅग भरत असताना मी सिंधुताईंना सांगितलं की बदल चांगलाच असतो, आणि इकडे मला स्वयंपाकघराचं शटडाउन घेऊन दुरुस्ती करता येईल. कमलिनीने बॅगेत हिरवं पातळ ठेवलं. पाटीही नेली.

२४ नोव्हेंबर, सोमवार. दुपारी १२.३०

घरात कोणी नाही. नीतू जेवून येते बाहेरून.

आज शास्त्रीय चाचणी घ्यायचं ठरवलं. नेहमीप्रमाणे सूप केलं. खुर्चीवर बसलो. दात घट्ट मिटले. स्ट्रॉ गालाच्या बाजूने घातली आणि ओढलं.

आलं नाही.

स्ट्रॉ खराब. बदलली.

आलं नाही.

जोर लावला. एक कण आला, पालकाचा दोरा होता, दातांच्या फटीत अडकला. काढायला तोंड उघडलं. परत मिटलं. वीस मिनिटांत जेमतेम दोन चमचे गेलं असेल. कानशिलं ठणकायला लागली.

मला तोंड उघडता येत होतं.

१२.५५. आता लिहावंसं वाटत नाही.

२६ नोव्हेंबर, बुधवार

बसने जामुलला गेलो. सिंधुताईंनी या म्हटलं नाही, जा म्हटलं नाही. मला पाट दिला, चाकू दिला. म्हणाल्या, "भाऊजी, हा एक बटाटा सोला. बारीक काप करा."

एकच? मी विचारलं. एकच, म्हणाल्या.

त्यांची पद्धत: एक बटाटा, मूठभर पालक, देठं सगळी काढून. शिजवताना भरपूर पाणी. गार करून मिक्सर. मग चाळणीतून. मग धुतलेल्या जुन्या धोतराच्या फडक्यातून परत. वर चमचाभर तूप आणि दूध. रंग फिका, चमचा पडला की तळाला जातो.

कमलिनी स्ट्रॉ लावून प्यायली. घड्याळात बघितलं, आठ मिनिटं. ग्लास रिकामा. मग परत ग्लास पुढे केला.

मूळ फॉर्म्युला माझाच आहे. प्रोसेसमध्ये किरकोळ फरक.

२९ नोव्हेंबर, शनिवार

वजन ५४.६. डॉक्टर म्हणाले, नळीची गरज नाही. मी बाहेर येऊन दवाखान्याच्या पायरीवर बसलो जरा.

रोज जामुलला जातो. माझ्याकडे बटाटे सोलणं आणि गाळणं, ही दोन खाती आहेत. गाळताना फडकं पिळायचं नाही, नुसतं गळू द्यायचं. हे सिंधुताईंनी दोनदा सांगितलं. तिसऱ्यांदा सांगावं लागलं नाही.

२ डिसेंबर, मंगळवार. संध्याकाळी

अकरा दिवस राहिले तारा निघायला. चांगली गोष्ट आहे. आनंदाची. तोंड उघडलं की बोलेल.

काळजी करण्यासारखं काही नाही. ती मागे बसली होती, पुढचं तिला नीट दिसलं नसणार. शिवाय भूल दिली होती, भूल दिल्यावर माणसाच्या आठवणी इकडच्या तिकडे होतात. हे आधीच सगळ्यांच्या कानावर घातलेलं बरं. म्हणून आज सिंधुताईंना सहज सांगितलं की उद्या कमलिनी अपघाताबद्दल काही वेगळं बोलली तर मनावर घेऊ नका, भुलीचा परिणाम असतो.

सिंधुताईंनी हातातली चाळणी बाजूला ठेवली. मग अजून चार बटाटे पुढे ठेवले. चार कशाला, ते विचारलं नाही.

बस सुटली, दुसरी येईपर्यंत स्टॉपवर येरझारा घातल्या.

५ डिसेंबर, शुक्रवार. दुपारी ४

हे लिहायचं की नाही, दोन तास ठरवत होतो. मी सोडून वाचणार कोण. लिहितो.

कमलिनी अंगणात उन्हाला बसून होती. मी शेजारी पाटावर, पातेल्यावर फडकं धरून. सूप थेंब थेंब गळत होतं. पिळायचं नाही म्हटल्यावर दुसरं काही करताच येत नाही. बसून राहावं लागतं. इतका वेळ तिच्या शेजारी मी गेल्या कित्येक वर्षांत बसलो नसेन.

माझ्या तोंडून निघालं, "कुत्रं नव्हतं."

तिने मान वळवून माझ्याकडे बघितलं. बोलू शकतच नव्हती.

मग सगळंच सांगितलं. मित्रांनी निरोपाला जे घड्याळ दिलं त्यावर दुकानदाराने माझं नाव पंजाबरावऐवजी पंजाबीराव कोरलं होतं. चार महिने ते माझ्या डोक्यात होतं. त्या संध्याकाळी स्कूटरवर मी तेच सांगत होतो, की छत्तीस वर्षांनी माणसाचं नावही कोणाला नीट माहीत नाही. ही समोर पाहा म्हणत होती. मी मागे वळून, एक हात सोडून सांगत होतो. पुढे रस्ता वळला आणि मी वळलो नाही. स्कूटर कडेच्या गिट्टीत गेली. मी पाय टेकला. ती पडली. हनुवटीवर.

"माह्यामुळं झालं," म्हटलं. "आन मी कुत्र्याचं नाव घेऊन राहिलो."

कमलिनीने पाटी घेतली. लिहिलं: मले मालूम आहे. मी मागंच बसून होती.

खरंच की. ती मागेच बसली होती. महिनाभर मी तिला दिसलं नसेल असं धरून चाललो होतो. माझं तोंड तिच्याकडे होतं, तर तिला दिसणार नाही तर काय.

मी विचारलं, कोणाला सांगितलं का. तिने पाटी पुसली, सावकाश लिहिलं: सगळ्याईले. पयल्याच दिवशी.

मग तुकड्या-तुकड्याने पाटीवर कळलं: दवाखान्यात फॉर्म भरायचा होता. अपघात कसा झाला, या रकान्यात तिनेच लिहिलं, मी औषधं आणायला गेलो होतो तेव्हा. डॉक्टरांनी वाचलं. नीतूने वाचलं. नीतूने सिंधुताईंना सांगितलं, आणि देवरावला.

देवरावने रंग विचारला होता.

महिनाभर सगळे माझं कुत्रं ऐकत होते. एकानेही मध्ये तोंड उघडलं नाही. मी कारण विचारलं, कावून? तिने पाटी बाजूला ठेवली. माझ्या हातातल्या फडक्याकडे बोट दाखवलं. सूप ओसंडत होतं.

८ डिसेंबर, सोमवार

वजन ५५.४. लिहिण्यासारखं काही नाही. नीतूला सांगितलं की कुत्रं नव्हतं. ती म्हणाली, "पता है बाबा," आणि माझ्या ताटात अजून एक पोळी वाढली. शेजारच्या भाडेकरूंनाही जाऊन सांगितलं. त्यांना आधी माहीत नव्हतं. तेवढेच दोघे होते भिलाईत ज्यांनी विश्वास ठेवला होता.

१३ डिसेंबर, शनिवार. संध्याकाळी ६.४५

तारा निघाल्या. जबडा बरोबर बसला आहे. तोंड सध्या दोनच बोटं उघडतं, हळूहळू सैल होईल. कमलिनीने हिरवं पातळ नेसलं होतं. दवाखान्यातून सरळ आपल्या घरी आलो, ऑटोने.

मला वाटलं होतं, पहिलं वाक्य माझ्याशी असेल. पाच आठवड्यांनी बायको बोलणार, म्हणजे काही तरी लक्षात राहण्यासारखं. रुमाल खिशात ठेवला होता. दाराशी आल्यावर ती छताकडे बघून म्हणाली, "हे हिरवं काहाचं आहे?"

सांगितलं. हो म्हणाली आणि आत गेली.

त्यानंतर फोन. नागपूर, वर्धा, अमरावती, पाच आठवड्यांचे सगळे. तीन तास. मी बाहेरच्या खोलीत पेपर वाचत होतो, म्हणजे हातात होता. स्कूटरचा विषय एकदाही निघाला नाही. कोणी विचारलं तर ती म्हणायची, पडली होती, आता बरं आहे. नंतर नंतर माझ्याकडे बघून हात हलवायची, चहा ठेवा म्हणून. ठेवला.

शेवटचा फोन वर्ध्याच्या मावशीचा. त्यांनी विचारलं असावं की इतके दिवस काय खाल्लं, कोणी केलं. मी पेपर खाली घेतला.

कमलिनी म्हणाली, ताईनं सूप करून देल्लं, बटाट्या-पालकाचं, लय चांगलं. मग थोडं थांबून ऐकलं. तिकडून माझ्याबद्दल विचारलं असणार.

"हे होते न," ती म्हणाली. "हे बटाटे सोलत होते."

पेपर परत वर घेतला. बटाटे मी सोलत होतो. तेवढं खरं आहे.